उसने दहा

जूनच्या थंडीत मोखोत्लोंगला बॉलपेन उठत नाही,
म्हणून पेन्सिली वाटल्या.
माझ्या हातात फॉर्म. एका मुलाला सात मिनिटं.
शेवटी दोन चौकोन:
येते. येत नाही.

न्याकालो, इयत्ता तिसरी,
घोंगडीला गळ्याशी सेफ्टीपिन.
बेरजा सटासट.
हातचा तर तिनं खरंच मुठीत धरला
आणि पुढच्या घरात नेऊन सोडला.

मग बावन्न वजा सदतीस.

पेन्सिल थांबली.
दोनातून सात जात नाहीत, मी पुटपुटले
(नियमानं बोलायचं नसतं),
शेजारच्या घरातून दहा उसने घे.

पाचाकडे ती बराच वेळ बघत राहिली.
“परत कधी द्यायचे?”

द्यायचे नसतात गं, म्हणणार होते.
तेवढ्यात छपराचा सुटलेला पत्रा दोनदा वाजला
आणि ते राहूनच गेलं.

असेल तिच्या आईचं नाव कुठल्या दुकानाच्या वहीत,
मक्याचं पीठ, रॉकेल, पुढे तारखा.
नसेलही. मला काय ठाऊक?
फॉर्मात तो रकाना नाही.
एकोणीस वर्षं वजाबाकी शिकवतेय,
कुणी विचारलं नव्हतं.

सात मिनिटं झाली.
पाचाचे पाच तसेच, खाली जागा कोरी.
“येत नाही”वर मी खूण केली,
पेन्सिलीनंच, जरा फिकट.

रात्री शेगडीपाशी
फॉर्मच्या पाठीवर मीच मांडून पाहिलं.
पाचावर काट, वर बारीक चार.
पंधरा.

उत्तर बरोबर आहे.
चारानं काही विचारलं नाही.