तीनशेची पातळी

वसमतच्या पाटबंधारे उपविभागात
आस्थापनेचं टेबल माझं.
पंख्याचा वारा इथवर येत नाही,
म्हणून कागदही उडत नाहीत.

दोन जानेवारीला
सटवाजी खिल्लारे आले, कालवा चौकीदार.
चपला दाराबाहेर. कितीदा सांगितलं तरी बाहेरच.
"मॅडम, माज्या खात्यावर रजा किती हाय, बगता का?
मे मधी सुटतो म्या."

(जन्मतारीख एक जून.
हेडमास्तरांनी अख्ख्या वर्गाला वाटलेली.)

सेवापुस्तकाचा दुसरा खंड काढला.
एक जानेवारी, पंधरा जमा.
एक जुलै, पंधरा जमा.
खर्चाचा रकाना कोरा, पानामागून पान कोरा,
एका जागी फक्त सहा दिवस,
कारण : पत्नीचे डोळ्याचे ऑपरेशन.

"अर्जित रजा तीनशे," मी म्हटलं.
"त्याच्या वर साठत नाही."
"मंग वरची?"
"व्यपगत."
शब्द त्यांना कळला नाही.
मलाही तो लिहिताना कळतो, बोलताना नाही.
त्यांनी बोटानं टेबलावर रेघ ओढली,
रेघेवर तळहात आडवा धरला.
"हितवर धरण. हितून म्होरं सांडवा."

हो, म्हटलं. तसंच.
दोन प्रशिक्षणं झाली माझी, औरंगाबादला जेवणासकट,
तिथं कुणी हे असं सांगितलं नव्हतं.

"किती गेलं सांडव्यावरून?"
अकरा वर्षं, वर्षाला तीस.
"तीनशे तीस."
ते चिडले नाहीत.
"म्हंजे अडलं त्याच्यापरीस जास्त वाहिलं.
आन् त्यात रान कुनाचं भिजलं?"

याला नियम सापडला नाही.

मग खिशातून घडी घातलेला अर्ज.
एकवीस दिवस. 'कारण' पुढं काहीच नाही.
"कारण लागतं, खिल्लारेमामा."
"कारन न्हाई. तेच तर पायजे."
मी 'घरगुती' लिहिलं.
सांगितलं, निवृत्तीला तीनशे दिवसांचा पगार रोख मिळतो,
आत्ता घेतली तर आठ दिवसांचा बुडेल.
"पोरगं बी तेच म्हनतं. मोबाईलवर केला त्यानं हिशोब."
अर्ज मागं घेतला नाही.

साहेबांनी शेरा मारला : पाळी चालू आहे.
रजा हा हक्क नव्हे.
हे खरं आहे, नियमात तसंच छापलेलं आहे,
जमा होते ती मात्र न मागता, वर्षातून दोनदा.
मी अर्ज पुन्हा वर पाठवला, मायनर चौदाला
बदली माणूस कोण ते नाव घालून.
पुन्हा खाली आला. पुन्हा पाठवला.
तिसऱ्या खेपेला सही झाली, हिरव्या शाईत, वाकडी.

मार्चमध्ये ते रुजू झाले.
रुजू अहवालावर तारीख टाकता टाकता विचारलं,
काय केलं एवढे दिवस?
मला वाटलं, तुळजापूर, नाहीतर लेकीकडं मानवतला.

"दुपारी घरी व्हतो," म्हणाले.
"आमच्या घरात ऊन कुठवर येतं, ते ठावंच नव्हतं मला.
तीनला उंबऱ्यात.
चारला कणगीच्या बुडाला टेकतं.
साडेचारला इळीवर. इळी चमकती,
मंग बाई चहा टाकती."
पातळी नोंदवतात तशा सुरात,
दोन वेळा, मी लिहून घेतेय असं समजून.

ते गेल्यावर माझं पान उघडलं.
शिल्लक दोनशे एकाहत्तर.
जुलैत दोनशे शहाऐंशी.
जानेवारीत तीनशे एक.

एक.
त्या एका दिवसाकडं मी बराच वेळ पाहत बसले.
मग शिपायानं वेतनदेयकं आणून टाकली,
आणि कपाटाची किल्ली कुठं ठेवली
ते काही केल्या आठवेना.