हजेरी

तीन आठवडे खोकत होते मी.
मुकादम म्हणाला, धूळ आहे, गूळ खा.
मीही धूळच धरली.
आमच्या कामात खोकल्याला कोण नाव विचारतं?
शिवडीच्या चौकीवर साडेसहाची हजेरी,
दुपारी घरी आले की कोपरापर्यंत साबण,
मग नातीला घ्यायचं, गालाला गाल लावायचा.
हात धुतले होते.

केसपेपरच्या पाठीवर
मस्करेन्हसबाईंनी श्वासाची नळी काढली.
आत बारीक केस, म्हणाल्या, सारखे हलत असतात,
कफ वर लोटतात, रात्रंदिवस, सुट्टी नाही.
म्हटलं, म्हणजे आमचीच माणसं.
त्या हसल्या नाहीत.

जंतू नेमका त्यांच्यावरच येऊन बसतो.
विष सोडतो. आधी झाडू गळतात, मग झाडणारे.
नळी आतून सुजते,
घाण तिथंच राहते, चिकट, वाखाच्या दोरीसारखी.
पांढऱ्या पेशी धावतात मदतीला, इतक्या,
की रक्तातच अडकतात,
फुप्फुसाच्या सुताएवढ्या वाटा दाटून जातात.

हे मला समजावायची गरज नव्हती.
दीर गटारात पडला तेव्हा
सगळी गल्ली झाकणाभोवती वाकली होती.
हवा होती तेवढी आम्हीच अडवली.

मोठ्यांचा डांग्या खोकला ओरडून येतो.
उबळ सरली की 'हूप' करून हवा ओढतो.
आई म्हणायची, शंभर दिवसांचा पाहुणा.
हिला तो आवाज नाही.
पाच आठवड्यांची, अजून बारसं नाही,
पलंगाच्या पट्टीवर 'बेबी ऑफ प्रज्ञा'.
ती खोकत नाही फारशी.
ती थांबते.
ओठ जांभळाच्या सालीसारखे,
नर्स तळपाय चोळते, चोळते,
आणि श्वास येतो
लेट मार्क लागलेल्या माणसासारखा, खाली मान घालून.

पहिली सुई पुढच्या मंगळवारी होती.
कॅलेंडरवर सुनेनं लाल गोल केलाय.

घरात कुणी खोकतंय का, बाईंनी विचारलं होतं.
मुलगा नाही म्हणाला.
मी पदर तोंडात धरून
उबळ गिळली.

नर्स वहीत थांबलेले श्वास लिहिते,
वेळेसकट. तीन दहा. तीन चाळीस. चार पाच.
पेनाला शाई उतरत नाही, झटकते, पुन्हा लिहिते.

बाई,
मी खोकते. तीन आठवडे.
माझंही नाव लिहा.