अडसर तेवढा दिसतो

उद्यमनगरातून घरी येतो तेव्हा कोपरापर्यंत सागवानाचा भुसा असतो.
दिवसा मी ओतकामाचे लाकडी नमुने करतो,
पंपाची कवचं, गिअरचे डबे.
रात्री कोल्हापूर-मिरज लाइन करतो,
कॉम्प्युटरवर, खेळातल्या गाड्यांसाठी.
दोन वर्षं झाली. हातकणंगल्यापर्यंत पोचलोय.

इतके दिवस दुसऱ्यांची झाडं लावली, दुसऱ्यांचे खांब.
कुठल्या तरी थंड देशातली झाडं, रुकडीच्या उसाशेजारी.
शेवटी स्वतःच्या वस्तू करायला घेतल्या,
सगळ्या एकाच फाइलीत, नकाशावर, ज्याच्या त्याच्या जागी.
परवा त्या एडिटरमध्ये घेतल्या.

दोनशे चौदा वस्तू. दोनशे तेरा करडे चौकोन.
गूळ मार्केटची शेड, करडी.
वळिवड्याची टाकी, करडी.
शेणींची उतरंड, केबिनचा जिना, फाटकाजवळचा कडुलिंब,
पहाटेच्या नदीवर धुकं बसतं तसं, म्हणणार होतो,
पण धुक्यात काहीतरी हलतं.
फक्त एका चौकोनात चित्र होतं,
स्टेशनात रूळ संपतात तिथला तांबडा अडसर.

"कॅश पूस," जयसिंगपुरातून सन्मती मगदूम म्हणाला.
पुसली.
"फोटोचं माप बघ."
बघितलं, बरोबर होतं.
"फोल्डरचं नाव मराठीत ठेवलंस काय?"
ठेवलं होतं. बदललं. करडंच.
"मग लेका, मशीन भंगारात घाल,"
म्हणाला, आणि जेवायला गेला.

मी नावावरनं कडुलिंब निवडला,
प्लॅटफॉर्मच्या टोकाला टिचकी मारली.
झाड आलं नाही.
आणखी दोनदा मारली, जरा रागानं.
मग सहज पुढं सरकत गेलो, रुकडीच्या अलीकडं,
तर पुलाखाली, भर पंचगंगेत,
तीन कडुलिंब. एकात एक उगवलेले.
पाण्यावर सावलीसकट.

आमचे दस्तगीर मिस्त्री रंधा ठेवून सांगायचे,
"किती धरलंस ते मागनं सांग.
कुठनं धरलंस, ते आधी बोल."

कुठनं धरलं होतं?
अडसरापासून.
गाडी तिथनं पुढं जात नाही,
म्हणून मी शून्य तिथं ठेवलेलं.
आणि एडिटरचा कॅमेरा, बिचारा,
प्रत्येक वस्तूला नावानं हाक मारतो,
शून्याकडं बघतो, कळ दाबतो.
वस्तू बारा-तेरा किलोमीटर लांब, आपल्या जागी उभी.

म्हणजे फोटो बिघडलेच नव्हते.
कडुलिंब जिथं नाही
त्या जागेचे ते चोख फोटो होते.
टाकी जिथं नाही, शेड जिथं नाही,
तीच जागा, दोनशे तेरा वेळा, निष्ठेनं.

मग तीन रात्री एकेकाला उचलून शून्यावर आणलं.
बायको झोपेत विचारायची, "आज काय आणलंत?"
"केबिन," मी म्हणायचो. "आणि चार म्हशी."
सकाळी यादी उघडली की चौकोन उजळत जायचे,
भट्टीतनं निघालेल्या ओतिवावरची वाळू झाडावी,
आणि खालनं कड दिसावी, तसे.

शेवटी राहिला फाटकवाला.
बंडोपंत कुऱ्हाडे, खाकी शर्ट, हिरवा झेंडा,
डावा खांदा जरा उतरलेला;
तो उतार जमायला मला एक रविवार लागला होता.
त्यालाही शून्यावर आणला. फोटो आला, अगदी स्वच्छ.
फाटक नाही, रूळ नाही, गाडी नाही,
आणि माणूस झेंडा धरून उभा,
कुणाला जाऊ देतोय कोण जाणे.

दोन मिनिटं बघत बसलो.
मग त्याला परत नेऊन ठेवला, होता तिथं.
यादीत तेवढा एक चौकोन अजून करडा आहे.
सन्मती विचारतो, "एक राहिला की रं?"
राहू दे, म्हणतो.
उद्या हातकणंगल्याचा सिग्नल करायचाय.