गाठी

कालिबोत आमच्या घरी पंखा लावत नाहीत.
खिडक्याही बंद, भर मे महिन्यात.
अननसाच्या पातीचा वाख इतका हलका
की कुणी दारात शिंकलं
तर सकाळभराची मजुरी उडून जाते.

तीता प्रोसिंग पात फळीवर पसरते
आणि फुटक्या बशीच्या काठाने खरवडते.
बशी चिनी मातीची हवी, आणि फुटकीच हवी;
धड बशीचा काही उपयोग नाही,
असं ती पाहुण्यांसमोरही म्हणते.
आधी हिरवा गर निघतो, मग जाडा वाख,
दोर वळण्याजोगा, राकट.
मग बशी बाजूला. हातात करवंटी.
आणि हात एकदम हळू,
झोपलेल्या पोराच्या डोळ्यांवरचे केस सारावेत तसा.
तेव्हा कुठे आतला वर येतो,
लिनिवान.
ओला असेतो दिसतो.
वाळला की फक्त बोटांना कळतो.

एक वाख हातभर लांब.
टोकाला टोक, पीळ, गाठ,
पात्याने गाठीची शेपटी छाटायची
आणि धागा मडक्यात सोडायचा.
वर चिमूटभर वाळू, म्हणजे गुंता होत नाही.
एका सदऱ्यात किती गाठी असतात
ते मोजायला आजी एकदा बसली होती.
दोन हजारांवर तिला झोप लागली.

मी सहा वर्षं कावितेच्या कारखान्यात
पॉलिएस्टरच्या जर्सींना बाह्या जोडत होते.
त्या धाग्याला पात नाही, ऋतू नाही.
तेलाचे दाणे, दाण्यांचा पाक,
पाक बारीक भोकांतून दाबला
की शेवयांसारखा धागा,
मैलच्या मैल, एकही गाठ नाही.
मी त्याला नावं ठेवत नाही.
या घरावरचा पत्रा त्यानेच घातलाय.

फेब्रुवारीत क्रिसांतो व्यापारी आला.
नोटरीच्या मुलाचं लग्न, सदरा हवा,
वाखाच्या ताण्यात रेशमाचा बाणा,
म्हणजे लवकर उरकेल.
रेशमाचं रीळ त्यानेच आणलं होतं. फार स्वस्त.
तीताने वीतभर धागा तोडला
आणि मेणबत्तीवर धरला.

कापूस कागदासारखा जळतो, राख मऊ.
रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो,
कुण्या जिवाच्या तोंडून निघालंय ते,
लपवता येत नाही.
हा धागा आक्रसला,
वितळला,
थेंब होऊन टपकला.

तीताने तो काळा मणी गार होऊ दिला
आणि क्रिसांतोच्या तळहातावर ठेवला.
'कुणाला कळणार आहे, तीता?'
'नवरदेवाला. घाम आल्यावर.'

रीळ परत गेलं.
फणीत ताणा भरण्यातच पंधरवडा गेला.
धोटा जरा जोरात गेला की धागा तुटायचा,
तुटला की नवी गाठ,
आणि लग्न काही गाठींसाठी थांबत नाही.
नवरदेव भाड्याच्या सदऱ्यात उभा राहिला.
फोटोत छान चमकतोय.
आमचं कापड जूनमध्ये मागावरून उतरलं,
क्रिसांतोने हप्त्याने पैसे दिले,
आणि पुढल्या वर्षी त्या माणसाने
ते मुलीच्या बाप्तिस्म्याला घातलं, असं ऐकलं.

कापड उतरलं त्या संध्याकाळी
तीताने त्यावरून बोट फिरवलं.
डोळ्यांत मोतीबिंदू, दिवा लावायचं तिने केव्हाच सोडलंय.
काठाजवळ बोट थांबलं.
'ही तुझी.'
मी म्हटलं, कशावरून?
'कारखान्यात असल्यासारखी आवळतेस.
जरा सैल बांध, ती कुठे पळून जात नाही.'

मग तिने मडकं पायाने माझ्याकडे सरकवलं.
त्यातली वाळू संपत आली होती.
मी घमेलं घेऊन
नदीवर गेले.