बिजागरी

जुन्या बाजारातून रविवारी दोन पाइप आणले,
एक दीड इंची, एक सव्वा,
सायकलच्या दांडीला सुतळीने बांधून.
हॅरिस पुलावर मागचे लोक शिव्या देत होते
आणि आप्पा डावीकडे उजवीकडे "चुकलं, चुकलं" करत
वीस फुटांची माफी मागत दापोडीला पोचले.

तिसरा पाइप वर्कशॉपच्या भंगारातला.
त्याची पावती त्यांनी कपाटात जपून ठेवली,
कुणी विचारलंच तर.
कुणी विचारलं नाही.

आडव्या काड्यांना अॅल्युमिनियम हवं होतं.
आईने पुढच्या दाराचा पडदा काढला,
दांडी हातात दिली, म्हणाली, आता दार उघडंच का?
"टीव्ही आल्यावर तसंही उघडंच राहील."
तिने मागच्या खोलीचीही दांडी काढून दिली.

बुडाशी मात्र बिजागरी.
जेवणाच्या सुट्टीत लेथवर स्वतः कातलेली,
अंगठ्याएवढा पिन, ग्रीसने माखलेला,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून.
सॅम्युएल साळवे खाली बसून बघत होते:
"सोनबाराव, सिमेंटात गाडा की एकदाचं,
कोण पाडणार आहे तुमचा खांब?"
आप्पांनी पिन एकदा पुढे, एकदा मागे फिरवला.
"उभं केलेलं आडवं करता यावं.
एकट्या माणसाला."

रेडिओची तार खांबावरून साळवेंच्या शेवग्यापर्यंत.
तिला अर्थिंग हवं म्हणून कढीपत्त्याजवळ खड्डा,
तांब्याची पट्टी, वर मीठ, वर कोळसा, परत मीठ.
माती ओली राहिली तर आवाज स्वच्छ येतो,
तेव्हा रोज सकाळी एक तांब्या ओतायचा, हे आईचं काम.
"तुळशीला घालतेसच ना."
"तुळस कधी माझ्यावर खरखरली नाही," आई म्हणाली,
आणि ओतला.

चार ताण, चार माणसं.
खांब उठला तेव्हा स्लॅबवर कुणी श्वास घेतला नाही,
फक्त टर्नबकल कुरकुरत होते.
आप्पांनी नैऋत्येला तोंड केलं, डोळे बारीक केले,
सिंहगड त्या दिवशी धुरकट होता, दिसला नाही,
तरी तिकडेच.

"आलं का?" वरून आप्पा.
"आलं का?" जिन्यातून साळवेंची एस्तेर.
मी पेटीसमोर: "मुंग्या!"
"मुंग्याऽ!" एस्तेर.
वर पाइप करकरला, बोटभर फिरला.
"आता?"
"आता?"
"जास्त मुंग्या!"
आमचा निरोप जिन्यात चढता चढता
थोडा बदलत होता बहुतेक,
कारण आप्पा उलटंच फिरवत होते.

मग एक माणूस आला.
आधी टोपी, मग एक खांदा,
मग उरलेला सगळा,
कांद्याला युरिया कधी द्यावा ते सांगत.
आमच्याकडे कुणाचं वीतभर शेत नव्हतं.
सतरा जणांनी शेवटपर्यंत ऐकलं.
आप्पा खाली आले तेव्हा तो संपला होता.
त्यांनी पान्याने खरचटलेला अंगठा पुसला, विचारलं,
"कसा होता?"

यंदा स्लॅबला गळती लागली.
वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, ताई, हा खांब गॅसने कापावा लागेल,
बाराशे वेगळे.
मी म्हटलं, उद्या या.

ट्यूबची पट्टी ब्लेडने उभी चिरली.
आत ग्रीस. पिवळं, मऊ,
बोटाला लागलं.
तीन ताण सोडले, चौथा कमरेला वेढा देऊन धरला,
आणि तो उतरू लागला,
जड, पण सांगेल तसा,
साठीच्या बाईला झेपेल इतक्या सावकाश.

टोकाला लाकडी बूच होतं, पाणी आत जाऊ नये म्हणून.
आत पाइप कोरडा.

खालून आईचा आवाज, चौऱ्याऐंशी वर्षांचा:
"नीरू, आलं का?"
"आलं."

कठड्यावरून वाकून बघितलं.
अर्थिंगची तार मी सकाळीच कापली होती, तिच्यादेखत.
ती कढीपत्त्याशी उभी होती,
तांब्या तिरका करून.