साडेतेवीस किलो

गेल्या शिमग्यात हर्षालीने घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या.
दाराला, फ्रिजला, मीठाच्या बरणीला,
माझ्या पान्यांच्या पेटीला.
प्रत्येक वस्तूचं जर्मन नाव, आणि नावाच्या आधी
ती वस्तू तो, ती की ते, याचा निवाडा.
चमचा तो. काटा ती. सुरी ते.
आडाळ्यापुढे ती पेन घेऊन बराच वेळ बसली
आणि शेवटी कोरीच चिठ्ठी लावली.

"माझ्यार काय लावतलंस?" आईने विचारलं.
तिच्याही पदराला एक टाचली.
आई तशीच सर्जेकोटच्या जेटीवर गेली,
टोपलीभर पेडवे विकून आली,
टाचणी जागच्या जागी.

समुद्राचं मात्र जमेना.
तोच शब्द, तो म्हटलं तर तळं,
ती म्हटलं तर दर्या.
"आणि तिसरा एक शब्द आहे," हर्षाली म्हणाली, "तो ते."
मी इंजिनाला तेल देत होतो. म्हटलं, असूदे.

ऐकण्याच्या परीक्षेत ती चार मार्कांनी गेली.
म्हणाली, फलाटावर कुणीतरी कुणाला तरी शोधत होतं,
सापडलं की नाही, तेवढंच कळलं नाही.
त्या रात्री ड्युटीला तिने सलाईन लावताना
म्हाताऱ्या तारकरांना जर्मनमध्ये धीर दिला.
ते "होय होय" म्हणाले.

मग माझा काना.
शाळेत रामनाथ, जन्मदाखल्यावर रमानाथ.
एक काना र वरून उठून म वर जाऊन बसलेला,
त्याला परत आणायला तीन महिने,
तहसील, वकील, दोन वर्तमानपत्रं.
निवृत्त ग्रामसेवक म्हणाले,
"तुझ्या बापाने नाव सांगितलं तेव्हा तोंडात पान होतं."

अर्जात माझ्यासाठी एकच रकाना होता:
अवलंबून.
चाळीस होड्यांची इंजिनं माझ्या हातावर चालतात.
मी सही केली, रमानाथ म्हणून.

बंदीच्या रिकाम्या दिवसांत सातेरीला कौल लावला.
जाऊ का? पाकळी डावी पडली.
गुरव म्हणाला, प्रश्न बदला.
जाणं विचारलंत, आता येणं विचारा.
परत येऊ का?
पाकळी हलेना. घाम सुटला.
तेवढ्यात हर्षालीचा फोन वाजला: पास.
आम्ही वळून पाहिलं तर पाकळी जमिनीवर,
कुठल्या अंगाने पडली, गुरवानेही पाहिलं नव्हतं.

होडीतली चार आण्यांची पाती चुलतभावाला दिली.
निम्मे पैसे आले, निम्मे सीझननंतर.

ऑक्टोबरात भांडलो. कशावरून, ते आता सांगण्यासारखं नाही.
ती जर्मनमध्ये एक अख्खं वाक्य बोलली,
न अडखळता, क्रियापद जागच्या जागी:
तू आलाच पाहिजेस असं नाही.
मला सगळं कळलं.
तेवढंच जर्मन मला तोवर कळलेलं.
नऊ दिवस आम्ही मराठीतही बोललो नाही.
दहाव्या दिवशी उठलो तर
माझ्या पेटीवर नवी चिठ्ठी, मराठीत: घ्यायची.

एरफुर्ट नकाशात सापडलं,
समुद्रापासून वीतभर आत.
"थंय बांगडो गावता काय रे?" आईने विचारलं.
मी म्हटलं, डब्यातला. ती काही बोलली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी
बॅगा जेटीवरच्या काट्यावर नेल्या,
घरी तेवढं वजन सांगणारं काही नव्हतं.
बर्फाचं पाणी पुसून पहिली ठेवली. साडेतेवीस.
सोडे काढले, तिरफळं काढली, परत ठेवली.
चौदा नंबरचा पाना काढला, हातात धरून उभा राहिलो.

सुलेमानचाचा लिलावाच्या सवयीने ओरडले,
"साडेतेवीस! कोण घेता?"
कोळंबी निवडणाऱ्या बायका हसल्या.
कुणी पाचशे म्हटलं, कुणी हजार.
हर्षालीही हसत होती, डोळे पुसत.
मागून आई म्हणाली,
"मी घेतंय."

त्यावर कुणी बोली वाढवली नाही.
अर्धा किलो अजून काढायचाच होता.