सत्तेचाळीस नंबरची ऑर्डर

मोक्पोच्या बंदरामागे, दुसऱ्या मजल्यावर,
साठ खुर्च्या, साठ पडदे आणि एकच शेगडी.
आमची पीसी-बांग. रात्रंदिवस उघडी.
मी काउंटरवर. शेगडीपाशी ग्वाक मल-सून,
वय त्रेसष्ट, गुडघे पंच्याहत्तरचे.
सगळे तिला इमो म्हणतात, म्हणजे मावशी.
सख्खा भाचा एकही नाही,
उधारीवाले भाचे चाळीस.

इथं भूक लागली तर तोंड उघडावं लागत नाही.
पडद्याच्या कोपऱ्यात बटण दाबायचं,
स्वयंपाकघरात चिठ्ठी फडफडते:
"सत्तेचाळीस. राम्यन. अंड्याचा बलक शाबूत."

सत्तेचाळीसवर त्या रात्री प्यो ह्यन-गू.
पहाटे चारपासून मासळीबाजारात बर्फ फोडतो,
त्याआधी ड्रॅगन मारतो.
लढाईला नऊ तास झालेले.
ड्रॅगनमध्ये जीव उरला नखाएवढा,
ह्यन-गूमध्ये त्याहून कमी,
आणि दोन हजार माणसं
आपापल्या अंथरुणातून हे थेट बघतायत.

इमो वाडगा घेऊन त्याच्या मागे उभी.
एक मिनिट. दोन.
तिसऱ्याला तिचा धीर सुटला:
"अरे, ड्रॅगन काही फुगत नाही.
नूडल्स फुगतायत!"

माइक चालू होता.
ह्यन-गूनं मान वळवली.
ड्रॅगननं नाही वळवली.
खेळ खलास.
मग तो खरोखरच खायला बसला,
रडत, फुंकर घालत, भुरके मारत.
आधी पोटोबा, मग ड्रॅगोबा.

सकाळी इमोचा चेहरा देशभर:
वाडगा छातीशी, भुवया कपाळात,
खाली ते वाक्य.
बुसानच्या एका मुलीनं ते
लग्न लांबवणाऱ्या प्रियकराला पाठवलं.
कुणी साहेबाला, रात्री साडेनऊच्या मीटिंगमध्ये.
कुणी लष्करात निघालेल्या मित्राच्या
ताज्या टकलावर चिकटवलं.
एका मांजराच्या डोक्यावर वाडगा आला,
एका वाडग्याला मांजराचे कान.
चौथ्या दिवशी मीमवर मीम, त्यावर चीज.
मी इमोला फोन दाखवला.
चष्मा शोधून ती बराच वेळ बघत राहिली.
"बलक फुटलाय," म्हणाली. "हे कुणी केलं?"

मग खेळवाल्या कंपनीचं पत्र.
पुढच्या अपडेटमध्ये इमोचं राम्यन:
खाल्लं की जीव चाळीस अंकांनी वाढतो,
तीन मिनिटांनी फुगतं,
फुगलेलं खाल्लं तर चाल मंदावते.
सोबत एक उशी, तिच्याच चेहऱ्याची.
ती गुडघ्याखाली घेते.
तक्रार एकच:
"चित्रात कांद्याची पात सरळ कापलीय.
मी तिरकी कापते."
मी गंमत म्हणून कळवलं.
पंधरा दिवसांनी पॅच आला, सत्तर एमबीचा,
सोबत एवढीच टीप:
पात तिरकी केली आहे.

परवा पहाटे साडेतीनला हॉल जवळजवळ रिकामा.
सत्तेचाळीसवर उजेड दिसला म्हणून गेलो,
तर इमो. अंगात एप्रन, डोक्यावर हेडफोन, उलटा.
समोर ड्रॅगन: ताजा, अख्खा, वखवखलेला.
तलवार कुठल्या बटणावर, तिला ठाऊक नव्हतं.
पोरांकडून एकच बटण शिकली होती: वाढा.
ते दाबलं.

वाडगा ड्रॅगनपुढे. वाफ. तिरकी पात.
हे आजवर कुणी करून बघितलं नव्हतं,
जो तो स्वतःच गिळत होता.
ड्रॅगननं नाकपुड्या फुलवल्या,
पंख मिटले,
आणि पाटावर बसावा तसा बसला.
मी फोन काढेपर्यंत
चिठ्ठी फडफडली:
बारा नंबर, मांदू, एक प्लेट.
इमो उठली, गुडघा धरून,
आणि पडद्याला म्हणाली,
"सावकाश खा.
भांडं तिथंच ठेव, मी नेते."